धुराविरुद्धचा कायदा आणि चिमणीतला नमुना

गिरण्यांची धुराडी कोळशावर धडधडत होती, तेव्हाच मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा आला. साल १९१२. बंगालचा त्याच्याही आधीचा, १९०५चा. पण बंदोबस्त सगळा काळ्या धुराचा. कोळसा जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तो सुटला.

देशभराचा वायू कायदा यायला १९८१ उजाडलं. पाणी हा राज्यांचा विषय, म्हणून १९७४च्या जल कायद्यासाठी आधी राज्यांचे ठराव लागले होते. हवेच्या बाबतीत केंद्रानं १९७२च्या स्टॉकहोम इथल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेचा आधार घेतला आणि आंतरराष्ट्रीय परिषदांचे निर्णय अमलात आणण्यासाठी असलेलं संविधानाचं कलम २५३ वापरलं. तिथे राज्यांना विचारावं लागत नाही.

तरी राज्यांची गरज उरलीच. राज्य सरकारनं वायू कायद्याच्या कलम १९खाली ‘वायू प्रदूषण नियंत्रण क्षेत्र’ जाहीर करायचं, मगच तिथल्या कारखान्याला राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र घेणं बंधनकारक. महाराष्ट्रानं १९८३ मध्ये काही भाग जाहीर केले. संपूर्ण राज्य त्यात यायला १९९६ उजाडलं.

खरी मेख कलम २६ मध्ये आहे. मंडळाच्या अधिकाऱ्यानं चिमणीतून धुराचा नमुना घेताना भोगवटादाराला, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याला, तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समोर नमुना घ्यायचा, पात्र सीलबंद करून दोघांनी सह्या करायच्या आणि विनाविलंब प्रयोगशाळेत पाठवायचं. यातली एक पायरी चुकली, तर प्रयोगशाळेचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. चिमणी कितीही ओकत असो!

भोपाळनंतर, १९८७च्या दुरुस्तीनं मंडळाच्या हाती कलम ३१अ आलं: कारखाना बंद करा, वीज तोडा, पाणी तोडा. खटल्याची वाट पाहायला नको. कारखानदार सर्वाधिक बिचकतो तो यालाच. याच दुरुस्तीनं आवाजही वायुप्रदूषकांत धरला आणि ६० दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकाला थेट न्यायालयात तक्रार करायची वाट मोकळी केली. मानकं, म्हणजे धुरातल्या प्रदूषकांच्या ठरवून दिलेल्या मर्यादा, मोडणाऱ्याला दीड ते सहा वर्षं कैद, अशी तरतूदही झाली.

ती कैद जनविश्वास कायद्यानं, म्हणजे अनेक कायद्यांतल्या तुरुंगवासाच्या जागी दंड आणणाऱ्या कायद्यानं, काढली. १ एप्रिल २०२४ पासून मानकांच्या भंगाला १० हजार ते १५ लाख रुपये दंड आहे आणि तो न्यायालय नव्हे, सरकारनं त्यासाठी नेमलेला न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. दंड ९० दिवसांत भरला नाही, तर मात्र तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.