टेबलापलीकडचा माणूस

नमस्कार मंडळी! मी इथे परदेशातल्या एका कॉलेजात काउन्सेलर आहे, म्हणजे दिवसभर पोरांसमोर बसून त्यांचं ऐकायचं हाच माझा धंदा, म्हणून आज तुम्हाला फ्रेडरिक एरिक्सन यांच्या कामाबद्दल सांगायचंय. हे शिक्षणाचे मानववंशशास्त्रज्ञ, पण मूळचे संगीत शिकलेले, आणि आयुष्यभर एकाच गोष्टीच्या मागे लागले, की दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तेव्हा नक्की काय होतं.

त्यांनी आणि जेफ्री शुल्ट्झ यांनी अमेरिकेतल्या ज्युनिअर कॉलेजांतल्या काउन्सेलर-विद्यार्थी मुलाखतींची फिल्म काढली, नंतर दोघांना वेगवेगळं बसवून तीच फिल्म दाखवली, जिथे काही खटकलं तिथे थांबवा म्हणाले. १९८२ साली 'द काउन्सेलर अ‍ॅज गेटकीपर' हे पुस्तक आलं. गेटकीपर म्हणजे ज्याच्या हातात पुढचं दार उघडायचं की नाही ते असतं, असा माणूस.

आता बघा काय दिसलं. गोरा काउन्सेलर एक मुद्दा सांगतो, क्षणभर थांबतो, समोरून मान हलायची किंवा 'हं' यायची वाट बघतो. समोरच्या काळ्या विद्यार्थ्याला सगळं कळलंय, पण त्याची ऐकण्याची खूण अगदी बारीक, काउन्सेलरच्या नजरेत भरतच नाही. मग तो तेच परत सांगतो, अजून सोपं करून, मग अजून सोपं. मुलाला वाटतं हा मला मठ्ठ समजतो, काउन्सेलरला वाटतं याच्या डोक्यात काही शिरत नाहीये, आणि दोघांच्या मनात काही वाईट नसताना बोलण्याचा ठेका चुकत जातो.

मला हे फार जवळचं वाटतं, कारण आपली मान आडवी डोलते तेव्हा आपण 'हो, कळलं' म्हणत असतो आणि इथल्या माणसाला ते 'नाही' वाटतं किंवा काहीच कळत नाही. हे मी माझ्या ऑफिसात बघते, दोन्ही बाजूंनी.

पण त्यांना दुसरंही एक दिसलं आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. दोघं वेगवेगळ्या समाजातले असले तरी बोलता बोलता काहीतरी समान निघालं, म्हणजे तोच खेळ, तीच शाळा, ओळखीचा माणूस, की काउन्सेलरचा सूरच बदलायचा, मुलाला आडवाटेची माहिती मिळायची, नियमात थोडी सवलतसुद्धा. वंशाचा फरक होताच, पण या छोट्या धाग्याने तो बराच मागे पडायचा. अर्थात ज्याला असा धागा सापडला नाही त्याचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्यातले कितीतरी जण स्वतःच टेबलाच्या त्या बाजूला बसतात, कोणी मॅनेजर, कोणी प्रोफेसर, कोणी हायरिंगच्या पॅनलवर. तर माझी विनंती आहे, मंडळात मुलांसाठी मॉक इंटरव्ह्यू ठेवूया, फोनवर रेकॉर्ड करूया आणि मग मूल आणि मुलाखत घेणारा काका किंवा मावशी, दोघांना ते वेगवेगळं दाखवूया. नावं माझ्याकडे द्या, मी चहाच्या टेबलापाशीच आहे.