तिळाएवढा तुकडा

सकाळचे साडेसात. सदाशिव पेठेतल्या या जिन्यावर अजून पेपरवाल्याचीच पावलं वाजतायत. वर पॅथॉलॉजी लॅबमध्ये मात्र तुकडे बसवायचं मेण वितळून तयार आहे.

ही बाटली बघा. फॉर्मॅलिनच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या, तळाशी जठराच्या अस्तराचे सहा तुकडे, तिळाएवढे. एंडोस्कोपीत जठराच्या अस्तरावर एक उथळ खळगा दिसला होता, जरासा फिका, कडा वेड्यावाकड्या. पेशंटची तक्रार एवढीच की जेवल्यावर पोट जड होतं. पुण्यात ती कुणाची नसते? कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी घेतली की बरंही वाटतं. गोम तिथंच आहे. ॲसिड कमी करणाऱ्या गोळीनं कर्करोगाचा व्रणसुद्धा काही काळ भरल्यासारखा दिसतो.

तुकडे रात्रभर मशीनमध्ये राहतात. आधी अल्कोहोल, मग झायलीन, मग मेण. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या टेक्निशियन ताई चिमट्यानं एकेक तुकडा साच्यात उभा धरतात. आडवा पडला की अस्तराचे थर कळत नाहीत. ब्लॉक बर्फावर गार होतो, मायक्रोटोम या काप काढणाऱ्या यंत्राच्या पात्यावरून चार मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पट्टी सुटते आणि कोमट पाण्यावर सायीसारखी तरंगते. ताई श्वास रोखून ती काचेवर उचलतात. रिपोर्टवर यांची सही नसते.

आता रंग. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकी सगळं गुलाबी. निरोगी ग्रंथी शिस्तीत उभ्या असतात. इथं दाटीवाटी, फाटे फुटलेले, केंद्रकं मोठी आणि गडद. ही दुसऱ्या पेशंटची स्लाइड. पेशी चिकट द्रवानं फुगलीय, केंद्रक कडेला ढकललं गेलंय. अगदी खड्याची अंगठी! म्हणूनच या प्रकारच्या कर्करोगाचं नाव सिग्नेट रिंग.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही असाच काचेवर दिसला, ऑस्ट्रेलियातले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना. त्यांना आणि बॅरी मार्शल यांना 2005 चं नोबेल मिळालं. जठराच्या कर्करोगाचं हा जंतू मोठं कारण.

जठराचा ‘सुरुवातीचा’ कर्करोग कुठला, याची व्याख्या जपानी डॉक्टरांनी 1962 मध्ये केली: गाठ वरचं अस्तर किंवा त्याखालचा थर, एवढ्यातच हवी; स्नायूपर्यंत गेलेली नको. मात्र ती किती खोल गेलीय हे या तिळावरून कळत नाही. त्यासाठी काढलेला पूर्ण भाग इथंच परत येतो. या टप्प्यावर सापडून उपचार झाले, तर शंभरात नव्वदहून अधिक जण पाच वर्षांनंतरही हयात असतात.

मुलगा पुढच्या बाटल्या घेऊन आलाय. ताई लेबल आणि फॉर्मवरचं नाव ताडून बघतायत. दोनदा.