गाडी बदलताना

(मुलुंडमधल्या एका वाचनालयात ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेलं व्याख्यान, बोलण्याची धाटणी तशीच ठेवून संपादित.)

मंडळी, नमस्कार.

मुलुंडहून परळला, टाटा रुग्णालयात जायचं आहे असं धरून चालू. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी हा प्रवास केलेला आहे. काहींनी महिनोन्‌महिने, आपल्या माणसाची फाइल पोटाशी धरून. फोनला विचारलं की तो तीन ओळींत उत्तर देतो. सीएसएमटीकडे जाणारी स्लो पकडा. परळला उतरा. तिथून पूर्वेला अमुक मिनिटं चाला. तिन्ही ओळी बरोबर आहेत. पण एकदा गाडीत बसलं की आपल्या हातात काही नसतं, मोटरमन नेईल तसं जायचं. आपली कसोटी लागते ती तिसऱ्या ओळीत: कुठला पूल चढायचा, पायऱ्या किती, खाली उतरल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे. एक गाडी सोडून दुसरी धरेपर्यंतचा, किंवा गाडी सोडून दारात पोचेपर्यंतचा जो वेळ असतो, तो ॲपला सगळ्यांत कमी कळतो आणि आपल्या वयात तोच सगळ्यांत महाग पडतो. मी आज त्याच वेळाबद्दल बोलणार आहे.

मी बत्तीस वर्षं मुलुंडहून फोर्टला नोकरीला गेले. आठ चौदाची ठाणे लोकल, लेडीज डबा, ठरलेलं दार, ठरलेल्या मैत्रिणी. निवृत्त झाले आणि लक्षात आलं की मला मुंबई येतच नाही. मला येत होती ती एक रेघ. भाचीचं घर वर्सोव्याला, बहिणीचे डोळे दाखवायचे बांद्र्याला, मैत्रिणीच्या नातवाची मुंज गिरगावात. या कुठल्याच ठिकाणी मी एकटी कधी गेले नव्हते. कुणीतरी सोबत असायचं, नाहीतर टॅक्सी. रोज लोकलनं जाणाऱ्या माणसाला सगळं शहर पाठ असतं असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात आपल्या रेघेपासून दोन स्टेशनं बाजूला गेलं की आपण गावाहून आलेल्या पाहुण्याइतकेच नवखे असतो.

फोनवरचं ॲप मी शिकले ते साठी ओलांडल्यावर. गेली चार वर्षं आमच्या कट्ट्यावर दर गुरुवारी ते शिकवते आहे.

या शहरात ॲप म्हटलं की पहिलं नाव एम-इंडिकेटरचं. सचिन टेके यांनी ते २०१० साली काढलं. त्या काळात फोनवर इंटरनेट महाग, आणि चालत्या गाडीत ते मिळेल याची खात्री नाही. त्यांनी लोकलचं अख्खं वेळापत्रक फोनच्या पोटातच ठेवलं. नेटवर्क असो नसो, पुढची कल्याण किती वाजता आणि स्लो की फास्ट, हे लगेच दिसायचं. त्याआधी आपण स्टॉलवरून छापील वेळापत्रक विकत घ्यायचो आणि ते पर्समध्ये चुरगळून जायचं. ज्याला इथे गाडीची घाई काय असते ते अंगवळणी पडलेलं आहे, अशा माणसानं केलेली ती वस्तू होती, म्हणून ती टिकली. मला त्या कामाबद्दल फार आदर आहे.

आता ॲप विचार कसा करतं ते थोडं समजून घेऊ, कारण ते कळलं की त्याच्यावर कुठे विसंबायचं आणि कुठे नाही हेही कळतं. मोटारीचा रस्ता शोधणं त्या मानानं सोपं, कारण रस्ता रात्री दोनलाही जागेवरच असतो. गाडी तशी नसते. ती आठ चौदाला असते आणि आठ पंधराला गेलेली असते. आपल्या उपनगरी मार्गांवर दिवसाला तीन हजारांहून जास्त फेऱ्या होतात, त्यात बस आणि मेट्रो वेगळ्या. यांतून तुमच्यासाठी एक वाट काढायची. २०१२ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी यासाठी ‘रॅप्टर’ नावाची एक पद्धत मांडली. कल्पना घरगुती हिशोबासारखी आहे. पहिल्या फेरीत बघायचं, एकदाही गाडी न बदलता मी कुठकुठे आणि किती वाजता पोचते. दुसऱ्या फेरीत, त्या सगळ्या ठिकाणी उतरून एकदा गाडी बदलली तर कुठपर्यंत जाते. मग दोनदा बदलली तर. आता लक्षात घ्या, या हिशोबाचा कणा आहे ‘गाडी बदलणं’. दादरला उतरून समोरची गाडी मिळेल की चुकेल, यावर पुढचं सगळं उत्तर उभं असतं. आणि ते ठरवायला ॲपला एक आकडा लागतो: या फलाटावरून त्या फलाटावर जायला किती मिनिटं?

तो आकडा येतो कुठून? याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत पोर्टलंड शहराच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेत बिबियाना मॅकह्यू नावाच्या बाई काम करत होत्या. परक्या शहरात प्रवास करताना त्यांना जाणवलं की मोटारीनं कसं जायचं हे इंटरनेटवर सहज सापडतं, पण बसनं कसं जायचं हे सापडत नाही. म्हणजे तीच नवख्या माणसाची अडचण, जी आपली. त्यांनी गूगलकडे पाठपुरावा केला, आणि तिथल्या ख्रिस हॅरेलसन या अभियंत्याबरोबर मिळून २००५ साली पोर्टलंडच्या बस-गाड्यांची माहिती सगळ्यांना वाचता येईल अशा साध्या तक्त्यांत मांडली. एका तक्त्यात थांबे, एकात मार्ग, एकात फेऱ्या, एकात प्रत्येक थांब्यावरची वेळ. त्या मांडणीला जीटीएफएस म्हणतात आणि आज जगभरच्या वाहतूक संस्था ती वापरतात. दिल्लीत तर २०१८ पासून सरकारनं बसची माहिती या पद्धतीनं खुली केली आहे.

या मांडणीत गाडी बदलण्याचाही एक तक्ता आहे. कुठून कुठे बदल करायला किमान किती वेळ धरायचा, ते त्यात लिहायचं. जिने, लिफ्ट, सरकते जिने यांचाही वेगळा तक्ता आहे. पण हे दोन्ही ऐच्छिक. कुणी भरले तर भरले. नाही भरले की ॲप दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजतं आणि सरासरी माणूस किती वेगानं चालतो त्यावरून अंदाज बांधतं. त्या सरासरी माणसाचा गुडघा दुखत नाही, त्याच्या हातात पिशवी नाही, आणि समोरून उतरणारा लोंढा त्याला अडवत नाही.

आणि आपल्या शहरातला पूल म्हणजे नुसतं अंतर नसतं, हे मी वेगळं सांगायला नको. २९ सप्टेंबर २०१७. सकाळची वेळ, पाऊस, एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणारा तो अरुंद पूल. चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. त्यांतली कित्येक कामावर निघालेली, गाडी बदलणारी माणसं. पुढे लष्कराकडून तिथे नवा पूल बांधून घेतला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत तो सुरू झाला. त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोडचं नाव प्रभादेवी झालं. ॲपवर आजही त्या जागी दोन नावं आणि मध्ये एक छोटी तुटक रेघ दिसते, चालणाऱ्या माणसाच्या चित्रासह. मी शिकवताना त्या तुटक रेघेवर बोट ठेवते आणि सांगते, इथे थांबा, इथे गर्दी असेल तर कठड्याला धरून बाजूला उभं राहा आणि एक गाडी जाऊ द्या. पुढची गाडी काही मिनिटांत असतेच.

दादरचं उदाहरण घ्या. वर्षानुवर्षं दादरला एक नंबरचे दोन फलाट होते, एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. ‘एक नंबरला भेट’ असं ठरवून दोघं दोन ठिकाणी ताटकळलेली किती उदाहरणं आपल्या घरांत असतील. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट आठपासून चौदापर्यंत झाले आणि तो घोळ मिटला. नवख्या माणसाला ॲप जेवढं तारत नाही तेवढं अशी एक नीट लावलेली पाटी तारते, असं माझं मत आहे.

मी स्वतः एकदा फसले तो प्रसंग सांगते. रविवार होता. सासूबाईंना घेऊन कांजूरमार्गला त्यांच्या भावाकडे निघाले होते, ठाण्याहून. त्यांचं वय त्या वेळी ब्याऐंशी. फोनवर स्लो गाडी दाखवत होती, आम्ही चढलो. गाडीनं मुलुंड सोडलं, नाहूर न थांबता गेलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. भांडुपला थांबली, पण सासूबाईंना उठून दारापर्यंत नेईस्तोवर सुटली. कांजूरमार्ग समोरून निघून गेलं. मेगाब्लॉक होता, म्हणजे दुरुस्तीसाठी एक मार्ग बंद; स्लो गाड्या फास्ट मार्गावरून वळवल्या होत्या आणि त्या मार्गावर नाहूर, कांजूरमार्ग, विद्याविहार इथे थांबा मिळत नाही. विक्रोळीला उतरलो. सासूबाई बाकावर बसून म्हणाल्या, “तुझ्या फोनला रविवार ठाऊक नाही होय गं?” त्या चिडल्या नव्हत्या, पण त्यांचे हात थरथरत होते, आणि ते मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून माझा नियम आहे. रविवारी निघताना आधी मेगाब्लॉकची बातमी वाचायची, मग ॲप उघडायचं. आणि ॲप वेळ दाखवतं तेव्हा ती छापील वेळापत्रकातली आहे की गाडी आत्ता खरंच कुठे आहे त्यावरून काढलेली, हे बघायचं. बहुतेक ॲपांत आत्ताची वेळ वेगळ्या रंगात दिसते. बेस्टनं २०२१ च्या अखेरीस चलो ॲप आणलं, त्यातही बसच्या बाबतीत ही सोय होती. थांब्यावर उन्हात उभं राहण्याऐवजी घरात बसून बस जवळ आली की निघायचं, हे आपल्या वयाच्या माणसाला केवढं सुख आहे.

बसच्या बाबतीत आणखी एक. ॲपवर थांब्याचं नाव एक असतं, पण थांबे दोन, रस्त्याच्या दोन बाजूंना. नावावर जाऊ नका, नकाशातला ठिपका रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते मोठं करून बघा. बसच्या कपाळावरचा नंबर मराठीत असतो, तो आपल्याला वाचता येतो. शेजारी कुणी परप्रांतातली मुलगी फोनमधला इंग्रजी आकडा हातात धरून गोंधळलेली दिसली तर तिला वाचून दाखवा.

मेट्रोबद्दल थोडक्यात. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मार्गिका ८ जून २०१४ ला सुरू झाली आणि आपल्या मुलुंडकरांसाठी अंधेरी अचानक जवळ आली. आधी दादरला जाऊन उलटं फिरायचं, नाहीतर बसमध्ये तास दीड तास. आता घाटकोपरला बदल केला की झालं. पण लोकलमधून उतरून मेट्रोच्या दारात पाय ठेवेपर्यंत पूल आहे, पिशवी तपासायची रांग आहे, तिकिटाची रांग आहे. आरे-कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं. तिथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दादर मेट्रो म्हणजे दादर रेल्वे स्थानक नव्हे, मध्ये रस्ता चालायचा आहे. आणि जमिनीखाली नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून वरच, जिना उतरण्याआधी, पुढच्या प्रवासाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्याच ऑक्टोबरात मुंबई वन हे ॲप आलं. लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट, ठाणे, नवी मुंबई अशा अकरा सेवा त्यात एकत्र आणल्या आहेत. चांगलं पाऊल आहे. माझी मागणी एवढीच आहे की तिकीट एकत्र झालं तसं मधलं चालणंही कुणीतरी मोजावं. कुठल्या पुलाला लिफ्ट आहे, ती चालू आहे का, सरकता जिना वर जातो की खाली येतो. हे प्रत्यक्ष पायांनी चालून, घड्याळ लावूनच कळतं.

आमच्या कट्ट्यावर एक काकू आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. पहिल्या दिवशी फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “तूच बघ बाई.” त्यांना गिरगावात माहेरी जायचं होतं आणि मुलाला रजा नव्हती. आम्ही दोघी एकदा सोबत गेलो. दुसऱ्यांदा त्या पुढे आणि मी दहा पावलं मागे. तिसऱ्यांदा त्या एकट्या गेल्या. परवा त्यांनी मला त्यांची वही दाखवली. किराण्याच्या हिशोबाची वही, तिच्या मागच्या पानांवर पेन्सिलीनं लिहिलं आहे: “दादर. मध्यवरून पश्चिमला. मधला पूल. ॲप ४ मि. मी ९ मि. पाय सुजला असेल तर १३.” खाली घाटकोपर, त्याखाली कुर्ला. प्रत्येक ठिकाणी दोन आकडे, ॲपचा आणि स्वतःचा.

त्यावरून आम्ही ठरवलं की ही वही सगळ्यांनी मिळून भरायची. पुढच्या गुरुवारी सहा जणी घाटकोपरला निघतो आहोत, लोकलमधून मेट्रोपर्यंतचा बदल मोजायला. एकदा जिन्यानं, एकदा लिफ्टनं. सकाळी अकरा वाजता, गर्दी ओसरल्यावर, मुलुंड पूर्वेच्या तिकीट खिडकीपाशी जमू. काठी वापरणाऱ्यांनी काठीसह यावं, तुमचा आकडा आम्हाला हवा आहे. घड्याळ, पाण्याची बाटली आणि एक पेन्सिल घेऊन या.