'पोटात दुखतंय' असं का सांगतो आपण?

(हातात वही. चित्राचं पान अजून स्वतःकडे वळवलेलं.)

नमस्कार मैत्रिणींनो. हे चित्र थोड्या वेळानं दाखवते. आधी माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीचं सांगते, तिला विचारूनच.

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आम्ही, बेळगावात. ती खानापूर तालुक्यातली. घर मराठी, शाळा मराठी. तिला चार महिने खाली खाज येत होती. शेवटी धीर करून एका दवाखान्यात गेली. केसपेपरच्या खिडकीवर कन्नडमधून विचारलं, काय होतंय? मागं रांगेत पुरुष उभे. ही म्हणाली, "होट्टे नोवु." पोटात दुखतंय. आत डॉक्टरांसमोरही तेच सांगितलं आणि पित्ताच्या गोळ्या घेऊन परत आली.

तुम्हाला वाटेल, कन्नड कच्चं म्हणून असं झालं. तसं नाही. तिनं त्या जागेचं नाव मराठीतही कधी उच्चारलं नव्हतं. आपल्याला या अवयवांची नावं मिळतात ती एक तर पाठ्यपुस्तकात, नाहीतर भांडणातल्या शिवीत. आईनं लेकीला सहज सांगावा असा शब्दच नाही. पाळीलासुद्धा 'बाहेरची झाली', 'कावळा शिवला'. आणि शेजारच्या कन्नड काकू म्हणतात 'मुट्टु'. मुट्टु म्हणजे शिवणंही. सीमेवर एवढी भांडणं झाली, पण याबाबतीत दोन्ही भाषांचं एकमत आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

(चित्र दाखवते.)

बाहेरून दिसतो तो सगळा भाग म्हणजे भग. आपण त्यालाच योनी म्हणतो, पण योनी म्हणजे आतला मार्ग. वाटा तीन आहेत: पुढं लघवीची, मध्ये योनीची, मागं शौचाची. पदवी झालेल्या मुलींनी मला विचारलंय, पाळी आणि लघवी एकाच वाटेनं येते का? नाही येत. दार लावा, आरसा घ्या आणि एकदा नीट बघा. पाकळ्या लहान-मोठ्या असतात, एक लांब एक आखूड असते, रंग अंगापेक्षा गडद असतो. यात बिघडलेलं काही नाही.

आणि ही इथं वर, पाकळ्या जिथं जुळतात तिथं, शिश्निका. पुरुषाच्या अवयवावरून बाईच्या अवयवाला नाव दिलंय, मला ते पटत नाही. दिसतं ते फक्त टोक. बाकीचा अवयव आत दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये त्याची रचना तपशिलानं मांडली. १९९८! आपल्यातल्या काहीजणी तेव्हा जन्मल्याही होत्या. शिश्निकेचं काम सुख देणं. स्वतःच्या हातानं ते सुख घेतलं तर अशक्तपणा येत नाही, पुढं मूल होण्यात अडचण येत नाही, नवऱ्याला 'कळत' तर मुळीच नाही. योनीच्या तोंडाशी असलेल्या पडद्याचंही तेच. पहिल्या वेळी रक्त आलं किंवा नाही आलं, त्यावरून कुणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

आता पांढरं जाणं. "उष्णता वाढलीय, सब्जा पी." "हाडं झिजतात त्यानं." हे मीही ऐकत मोठी झाले. पाण्यासारखं किंवा दुधी, वास नसलेलं, महिन्याच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं पांढरं हे निरोगी शरीराचं काम आहे. त्यानं हाड झिजत नाही. योनी आतून थोडी आम्लधर्मी असते आणि स्वतःला स्वच्छ ठेवते. आत साबण नको, सुगंधी वॉश नको. बाहेरून साधं पाणी पुरे.

पण दह्याच्या गाठींसारखं पांढरं आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. करडं, माशासारख्या वासाचं असेल तर जंतूंचं संतुलन बिघडलेलं. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर संबंधातून आलेला संसर्ग असू शकतो. मग जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. तिन्हींवर उपचार आहेत. मैत्रिणीला बुरशी होती. चार महिन्यांचा त्रास आठवड्याभरात गेला.

गर्भाची भीती असेल तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली; तिनं गर्भपात होत नाही. आणि गर्भपाताची वेळ आलीच, तर १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती कायद्यानं पुरेशी आहे, नवऱ्याची किंवा वडिलांची सही लागत नाही. लग्न झालेलं नाही म्हणून हक्क कमी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

मैत्रीण दुसऱ्यांदा दवाखान्यात गेली तेव्हा मी सोबत होते. बसमध्ये आम्ही दोन वाक्यं पाठ केली होती. योनी हा शब्द दोन्ही भाषांत तोच, एवढा तरी आधार होता. तुम्हीही म्हणा माझ्याबरोबर, मोठ्यानं:

"योनियल्लि तुरिके इदे. बिळी मुट्टु होगुत्तिदे."

योनीत खाज आहे. पांढरं जातंय.

खिडकीवरच्या बाईंनी मान वर केली, "लेडी डॉक्टर बेका?", म्हणजे लेडी डॉक्टर हवी का, असं विचारलं आणि कागदावर खोलीचा नंबर लिहून दिला.