धाग्याला तोंड कुणाचं?

(माग चालू. पहिले दहा सेकंद फक्त आवाज.)

हा आवाज एका मागाचा आहे. एकाच. मुंबईच्या मोठ्या गिरणीत असे शेकड्यांनी माग एका छताखाली चालायचे, म्हणून साचेवाला घरी आला तरी ओरडूनच बोलायचा. गिरणीत मागाला साचा म्हणायचे आणि त्या खात्याला साचाखातं. हा शॉट मात्र भिवंडीतला आहे, कारण परळ-लालबागमध्ये आता असा साचा शोधून सापडत नाही, तिथे जे सापडतं ते पुढे दाखवतोच.

(क्लोजअप, धोटा.)

आता हा धोटा नीट बघा. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी चोच, होडीसारखा आकार. उभे धागे म्हणजे ताणा, तो साच्यावर आधीच ताणलेला असतो, आणि त्याच्यामधून आडवा धागा, म्हणजे बाणा, घेऊन हा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो, परत येतो, परत जातो, आपल्याला डोळ्यांनी धड दिसतही नाही इतक्या वेगात. धोट्याच्या पोटात कांडी असते, कांडीवर सूत. सूत संपलं की साचा थांबवायचा, नवी कांडी घालायची, आणि मग तिचं टोक धोट्याच्या या बारीकशा भोकातून बाहेर काढायचं. बोट आत जात नाही. सुई घेऊन बसलात तर वेळ जातो, आणि पगार कापडावर, जितकं कापड तितके पैसे.

मग काय करायचं? हे बघा.

(माग चालवणारे काका धोटा तोंडाला लावतात. शॉट पूर्ण चालू द्या.)

ओठ लावले, श्वास आत ओढला, धागा बाहेर. दोन सेकंद पण नाही लागले. आम्ही काकांना म्हटलं परत एकदा करून दाखवा, तर ते हसले, म्हणाले दिवसातून किती वेळा करतो याचा हिशोबच नाही.

याच दोन सेकंदांवर गिरणगावातला, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांच्या वस्तीतला, एक अख्खा नियम उभा होता. धाग्याला तोंड लागतं, थुंकी लागते, त्यामुळे अस्पृश्य माणूस साचाखात्यात नको, त्याच्या तोंडाचा धोटा आमच्या तोंडाला कसा चालेल, असं बाकीच्या कामगारांचं म्हणणं. कागदावर कुठे लिहिलेलं नाही, पण पाळला अगदी काटेकोर. आणि साचाखातं म्हणजे गिरणीतल्या चांगल्या पगाराच्या खात्यांपैकी एक. मग महार कामगार कुठे? बहुतेक रिंगखात्यात, जिथे सूत निघतं, पगार बराच कमी, नाहीतर झाडलोटीला. म्हणजे विटाळाची किंमत दर महिन्याच्या पगारात रुपयांमध्ये मोजता यायची, आणि ती एकाच बाजूच्या खिशातून जायची.

(रिंगफ्रेम, फिरणाऱ्या बॉबिन.)

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. ही बॉबिन बघा, हे सूत. रिंगखात्यात धागा तुटला की हातानं जोडायचा, भरलेल्या बॉबिन हातानं उतरवायच्या, रिकाम्या लावायच्या. ते हात कुणाचे? आणि हेच सूत पुढे साचाखात्यात जायचं, त्याच धोट्यात, त्याच तोंडात! हाताचा स्पर्श चालतो, त्या हातानं कातलेलं सूत ओठांना चालतं, तो माणूस शेजारच्या साच्यावर उभा राहिलेला मात्र चालत नाही. साचाखात्यात मराठा होते, उत्तरेकडून आलेले मुसलमान विणकर पण होते, त्यांचं एकमेकांशी जमत होतं. मला विचाराल तर थुंकी हे कारण नव्हतंच, बहाणा होता, खरं कारण पगाराचं पाकीट होतं.

अमेरिकेतसुद्धा तोंडानं धागा ओढायचा धोटा होता. तिथे मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ मध्ये त्यावर कायद्यानं बंदी आणली. कशासाठी, तर रोग पसरतात म्हणून. आपल्याकडे थुंकीची भीती होती ती रोगाची नाही.

(दामोदर हॉलचा बाहेरचा शॉट, परळ.)

नोकरी लावायचा मुकादम. तो आणणार आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीतला पोरगा, आधी बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, उभा करणार, मग मामाच्या नाहीतर चुलत्याच्या साच्यावर बाजूला राहून तो काम शिकणार. ज्याचा मामा त्या खात्यात नाही त्यानं शिकायचं कुठे? मग वर ऐकवायचं की यांना साचा येत नाही. पिढ्यानपिढ्या चाललेली ही राखीव जागाच होती की, फक्त तिला तसं कुणी म्हणत नव्हतं.

याच परळच्या चाळीत बाबासाहेब आंबेडकर राहिले, हे सगळं त्यांच्या दारासमोरचं. १९२८ चा गिरणी संप झाला, एप्रिल ते ऑक्टोबर, गिरणी कामगार युनियन लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितलं की सगळ्या खात्यांत अस्पृश्यांना काम करायचा हक्क मागण्यांमध्ये घ्या, नाहीतर आमच्या लोकांना संपात पडू नका असं मी सांगेन. पुढारी कसेबसे तयार झाले. मालकांचं उत्तर असं की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. एका अर्थी खरंच बोलले ते, आणि तेच जास्त झोंबतं. दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर बाबासाहेब म्हणाले की आपले शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्यातल्या पहिल्या शत्रूबद्दल लाल बावट्याच्या सभेत फार कुणी बोलत नसे.

(बीडीडी चाळ, वरळी. जिना, कॉरिडॉर, वाळत घातलेले कपडे.)

बीडीडी चाळी, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या, १९२० च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची, सगळ्यांना सारखीच, पण इमारती जातीजातीच्या वेगळ्या. १९७४ ची वरळीची दंगल, दलित आणि सवर्णांमधली, इथलीच. हा जिना तोच जुना आहे, पलीकडे जे काचेचे टॉवर दिसतायत ते नवे.

(ड्रोन शॉट, फिनिक्स गिरणीची चिमणी, खाली मॉल.)

१९८२ चा संप, अडीच लाख कामगार, गिरण्या गेल्या, ज्याची गावाला शेती होती तो गावी गेला, ज्याची नव्हती तो इथेच राहिला, म्हाडाच्या घरांच्या लॉटरीची वाट बघत. चिमणी तेवढी ठेवलीये, लोक तिच्याखाली फोटो काढतात.

(चैत्यभूमीच्या बाजूनं, समुद्राकडून शॉट. क्रेन.)

ही दादरची इंदू मिल, म्हणजे इंडिया युनायटेड मिल नंबर सहा. जागा साधारण बारा एकर, इथे बाबासाहेबांचं स्मारक उभं राहतंय, पुतळा ३५० फूट. भूमिपूजन २०१५ चं.

(क्रेन फिरते. निवेदन नाही. मागे फक्त सुरुवातीच्या त्या मागाचा आवाज, हळूहळू बंद.)