वाटा आणि वाटे

पहाट, येऊर, पाटोणपाडा. पहिला शॉट फक्त पायांचा. निवेदन दहा सेकंदांनंतर, तोवर बेडूक आणि पावलांचा आवाज तसाच चालू दे.

हे जे पाय दिसतायत ना, स्लीपर घातलेले, टाचेपर्यंत चिखल, ते पाड्यातल्या एका मावशींचे. डोक्यावर पाटी, पाटीत शेवळं, म्हणजे पावसाळी रानभाजी. आणि त्यांच्या मागे आम्ही तिघं, महागातले ट्रेकिंग शूज घालून, घसरत. फ्रेम हललीय ती स्टाइल म्हणून नाही हं, कॅमेरावाला पडता पडता वाचलाय. वर आता डांबरी रस्ता आहे, टीएमटीची बस पण येते, पण भरलेली पाटी घेऊन बसची वाट बघत बसण्यापेक्षा पायवाटेने उतरलेलं बरं, असं मावशींचं म्हणणं.

ठाण्यात येऊर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं, उपवनचा तलाव, मग चढ, वनखात्याचा नाका, मग ढाबे, बंगले, टर्फ. जंगल असतं ते गाडीच्या काचेबाहेर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे बोरिवली असं सगळे धरून चालतात, पण साधारण 104 चौरस किलोमीटरच्या या जंगलाचा निम्म्याहून जास्त भाग ठाणे जिल्ह्यात येतो, आणि हे आपल्या ठाणेकरांनाच सांगावं लागतं, असो.

डोंगराच्या धारेवरचा शॉट, ट्रायपॉड. ड्रोन आम्ही उडवला नाही.

खाली उपवनचं पाणी, मग टॉवर, टॉवरच्या मागे टॉवर, त्यापलीकडे खाडीची पांढरी रेघ आणि शेवटी पारसिकचा डोंगर. मान फक्त वळवायची, की मागे पश्चिमेला नुसतं हिरवं. इथे काही बोलायचं नाहीये, बघा.

आता वाट बघा. हवं तर पॉज करून बघा. ही मळलेली वाट आहे, म्हणजे वर्षानुवर्षं पायांनी दाबून दाबून झालेली, कुणी कुदळ घेऊन काढलेली नाही. डोंगराच्या पोटाला धरून तिरकी तिरकी चढते, सरळ वर अशी कुठेच जात नाही. का, तर डोक्यावर हंडा नाहीतर लाकडाची मोळी असलेलं माणूस उभा चढ चढूच शकत नाही, त्याला वळसा घ्यावाच लागतो. आणि वाट वळसा घेते म्हणून पावसाचं पाणी तिच्यावरून धावत सुटत नाही, तिला आडवं ओलांडून खाली निघून जातं. आमच्यासोबत पाड्यातले एक काका होते, त्यांनी वाटेवर पाऊल आडवं टेकवून दाखवलं, डोंगराकडची कड किंचित उंच, दरीकडची किंचित खाली, जेमतेम दोन बोटांचा फरक. तेवढ्यावर पाणी उतरतं. हे मी इतकी वर्षं ट्रेक करतोय पण कधी बघितलंच नव्हतं, आपण वर बघत चालतो ना, व्ह्यू कुठे येतो म्हणून.

पुढे ओहोळ लागतो, तिथे दगडांची एक ओळ दिसेल. ती वाहून आलेली नाही, हाताने लावलेली आहे. काका म्हणाले, पाऊस संपला की जो जाईल तो एखाददुसरा दगड सरळ करतो, कुणी कुणाला सांगत नाही. क्लोजअपमध्ये जो हात दगड फिरवून बसवतोय तो काकांचाच, आम्ही सांगितलं नव्हतं, कॅमेरा योगायोगाने चालू होता.

पुढचा शॉट लांबवलाय मुद्दाम.

इथे वाट डावीकडे वळसा घेते आणि वळसा टाळून सरळ खाली गेलेला हा लाल पट्टा, हा आपला. म्हणजे आमच्यासारख्यांचा, रविवारवाल्यांचा. कसं झालं असणार सांगू का, कुणीतरी घाईत सरळ उतरलं, मोबाइलमध्ये ट्रॅक रेकॉर्ड झाला, तो अपलोड झाला, पुढच्या रविवारी वीस जण तीच निळी रेघ बघत उतरले, आणि मग पाऊस आला. पावसाला काय, त्याला सरळ उतार मिळाला की तो तिथूनच जाणार. आधी मुरूम सुटतो, मग खडी उघडी पडते, मग घसारा, मग ओघळ. आम्ही पाण्याची एक लिटरची बाटली त्या ओघळात उभी ठेवली, बाटलीचं झाकण काठाच्या खाली राहिलं. बाजूला ऐनाच्या झाडाची मुळं दिसतायत ती अशी हवेत लोंबायला नकोत, ती मातीत असायला हवीत. काकांनी तोंडावर काट्या टाकून हा शॉर्टकट बंद केला होता, दोनदा. काट्या कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्या, तेही दोनदा. अ‍ॅपवर या रेघेला एक छानसं इंग्रजी नाव पण आहे, पाड्यात ते कुणालाच माहीत नाही.

आता हेडफोन लावा. पार्श्वसंगीत पूर्ण बंद.

तड. तड-तड. हा आवाज कारवीचा, डोंगरउतारावरच्या झुडपाचा. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी अख्खा डोंगर एकदम जांभळा करते आणि मग मरून जाते. या जंगलात 2008 ला फुलली, 2016 ला फुलली, मग 2024 ला. तेव्हाचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील, सगळ्यांच्या स्टेटसला होते. पण फुलून गेल्यावर काय होतं ते बघायला कुणी येत नाही, कारण दिसायला ते नुसतं वाळलेलं काटकुळं रान असतं. बोंडं सुकून तशीच झाडावर थांबतात, वाट बघत, आणि पहिला पाऊस लागला की ओलाव्याने फटाफट फुटतात आणि बिया लांब उडवतात. 2025 चा पाऊस मे महिन्यातच आला, आम्ही छत्र्या टाकून धावत वर गेलो. स्क्रीनवर डावीकडे नीट बघितलंत तर एक बी थेट लेन्सवर येऊन आपटताना दिसेल. कॅमेरावाला दचकलाय, त्याचा आवाज आम्ही कापलेला नाही.

हा घराचा कूड बघा, म्हणजे भिंत, कारवीच्याच काठ्या, अंगठ्याएवढ्या जाड, उभ्या आडव्या विणलेल्या आणि वर शेणमातीचा लेप. कोपऱ्यातला लेप पडलाय म्हणून आतलं दिसतंय. घराच्या भिंतीत कारवी आणि डोंगराच्या उतारावरची माती धरून ठेवायला पण कारवीच. ऑगस्टमध्ये परत गेलो तेव्हा वाटेच्या दोन्ही कडांना बोटभर रोपं उगवलेली. ही 2032 ला फुलतील. म्हणजे यातली जी उरतील ती, कारण दोघा-तिघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत चालायचं म्हटलं की वाट रुंद होते, आणि रुंद होते ती या रोपांवर.

वाघोबाचा दगड. निवेदन हळू.

शेंदूर लावलेला दगड, पुढे नारळाची करवंटी, बास. देऊळ नाही, घंटा नाही. वारली पाड्यांमध्ये दिवाळीच्या सुरुवातीला वाघबारस असते, आपल्याकडे वसुबारस त्याच दिवशी. इथून पुढे काकांनी चपला हातात घेतल्या आणि आम्हीही गप्प झालो. 2018 च्या अभ्यासात या जंगलात आणि आसपास 47 बिबटे मोजले होते, आम्हाला त्यातला एकही दिसला नाही. दिसला तो हा पंजा, ओल्या मातीत. त्याच्या खाली काय आहे ते झूम करून बघा, स्लीपरचा ठसा. मावशी आधी गेल्या, त्यांच्या मागून तो गेला, मग आम्ही. एकच वाट.

या वाटा किती जुन्या, कुणी सांगावं. डोंगराच्या पलीकडे कान्हेरी आहे, शंभरच्या वर लेणी, आणि तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या, सोपाऱ्याच्या दात्यांचे उल्लेख आहेत. कल्याणचा व्यापारी काही उडत आला नसेल, या बाजूच्याच कुठल्यातरी खिंडीतून चढला असेल असं मला आपलं वाटतं, पुरावा मागू नका.

बाकीचं थोडक्यात सांगतो, कारण त्याचं शूटिंग आमच्याकडे नाही. डिसेंबर 2016 मध्ये उद्यानाभोवती इको सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला, तरी रात्रीचे दिवे आणि स्पीकर येऊरला आहेतच. घोडबंदर रोडवर जनावरं गाडीखाली येतात. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा, 11.8 किलोमीटरचा प्रकल्प, याच डोंगराच्या पोटातून जाणार, त्याचं भूमिपूजन जुलै 2024 मध्ये झालं. आणि हो, राष्ट्रीय उद्यानात 1972 च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय शिरता येत नाही, नाक्यावर विचारा, पाड्यातला माणूस सोबत घ्या, त्याला त्याचे पैसे द्या, आणि तो जिथून चालेल तिथूनच चाला, एकामागे एक.

परत पाय. तीच पहाट, वाट आता संपलीय, डांबर लागलंय.

मावशींनी नळावर पाय धुतले, पाटी परत डोक्यावर, रिक्षा, जांभळी नाका. फुटपाथवर गोणपाट टाकलं आणि शेवळं मांडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेवळं पहिल्या पावसाला जमिनीतून वर येतात, बाहेरून तपकिरी, कोंबासारखी, आणि नुसती शिजवली तर घशाला अशी खाज सुटते की विचारू नका. म्हणून सोबत काकडं लागतात, आवळ्यासारखी दिसणारी छोटी आंबट फळं. सीकेपी घरांमध्ये यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, पडतात आणि मग त्या दिवशी दुसरं काही लागत नाही. इथे जो हशा ऐकू येतोय तो आमच्या साउंडवाल्याचा, तो सीकेपीच आहे.

एक ताई आल्या, जुडी उचलली, वास घेतला, भाव पाडून मागितला. मावशींनी मान हलवली, नाही. मग ताई म्हणाल्या, बरं, काकडं तरी देताय ना? मावशींनी पाटीच्या तळातून काकडांचा एक वाटा उचलला आणि जुडीवर ठेवला. हाताच्या क्लोजअपवर थांबा, नखात लाल माती आहे, नळावर फक्त पाय धुतले होते.

दहाच्या आत पाटी रिकामी. परत वर जाताना मात्र मावशी बसनेच गेल्या, खिडकीची जागा मिळाली.