पानाच्या पाठीवर पोचणारी भुकटी

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचंय धुरळणी यंत्राबद्दल. पाठीवर अडकवायच्या इंजिनाच्या यंत्राबद्दल नव्हे, तर दहा-वीस झाडांच्या बागेत हातात धरून कीटकनाशक भुकटी उडवायच्या छोट्या यंत्राबद्दल. बाग करणारी माणसं कोणतं औषध घ्यावं यावर तासभर बोलतील, पण ते झाडावर टाकायचं कशानं, हा प्रश्न मात्र शेवटी दुकानात जे हाताला लागेल त्यावर सोडून देतात.

मीही कित्येक वर्षं तेच केलं. डब्याच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडायची, आत पावडर भरायची आणि झाडावर डबा हलवायचा. वांग्याची पानं पिठात घोळल्यासारखी पांढरी झाली की काम फत्ते! एके दिवशी धुरळणीनंतर सहज एक पान उलटं करून पाहिलं. वरून पांढरंशुभ्र, खालून हिरवंगार. आणि त्या हिरव्या बाजूला, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना, मावा दाटीवाटीनं चिकटलेला. औषध वर, कीड खाली. माझी अर्धी पावडर तर मातीत पडली होती.

तेव्हापासून यंत्र निवडताना मी पहिला प्रश्न एकच विचारतो: याची भुकटी पानाच्या पाठीवर पोचते का? मावा, पांढरी माशी, कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानांतला रस शोषणारी बारीक कीड) ही मंडळी बहुतेक पानाखालीच राहतात. म्हणून ज्याची नळी लांब आहे आणि जिच्या टोकाला वर वळलेलं तोंड बसतं, तेच यंत्र घ्यावं. नळी झाडाच्या बुंध्याजवळ नेऊन तोंड वरच्या दिशेला केलं की भुकटीचा ढग खालून वर चढतो. नळी हातभर तरी लांब असावी. तिचा दुसरा फायदा असा की तो ढग आपल्या नाकापासून दूर राहतो, आणि वांग्याच्या झुडपासमोर वाकायचीही गरज पडत नाही.

आता प्रकार. रबरी फुग्याचं किंवा दाबायच्या बाटलीचं यंत्र चार कुंड्यांना आणि मुंग्यांच्या फटींना पुरतं, त्याहून जास्तीची अपेक्षा त्याच्याकडून करू नये. भात्याचं यंत्र लोहाराच्या भात्यासारखं उघडमीट होतं आणि वाऱ्याचा झोत बरा देतं. हँडल फिरवायचं, आत पंखा असलेलं यंत्र सलग झोत देतं. लांब ओळी असतील तर ते उत्तम, पण गळ्यात अडकवून चालावं लागतं, आणि छोट्या वाफ्यात त्याच्या भुकटीला आवर घालणं अवघड जातं. घरच्या बागेसाठी माझी पसंती दट्ट्याच्या यंत्राला. पिचकारीसारखा दांडा मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, प्रत्येक ढकलीला एक छोटा ढग.

पण दट्ट्याच्या यंत्रात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. दांडा मागे ओढताना हवा आत कुठून येते? हवेसाठी वेगळी झडप असेल तर ठीक. नसेल, तर हवा नळीतूनच परत ओढली जाते, तिच्याबरोबर भुकटी दट्ट्याच्या वायसरपर्यंत पोचते, वायसर घासून झिजतो, आणि मग दांड्याच्या बाजूनं, म्हणजे थेट आपल्या हातावर, औषध गळायला लागतं. रबरी फुग्याची स्वस्त यंत्रंही इथेच दगा देतात. माझ्या एका यंत्रानं असाच मनगटावर पांढरा पट्टा उमटवला होता. घाबरून साबणानं तीनदा हात धुतले आणि ते यंत्र कायमचं बाजूला ठेवलं.

नवं यंत्र औषध भरण्याआधी साध्या टाल्कम पावडरनं तपासा. टाकी अर्धीच भरा, कारण भुकटी हलायला आत मोकळी हवा लागते. काळं कापड दोरीवर टांगा आणि दोन हात अंतरावरून एक ढकल द्या. कापडावर धुक्यासारखा फिका, सारखा थर बसला तर यंत्र चांगलं. ठिपके, गोळे, मध्येच पांढरा थापा दिसला तर ते भुकटी उडवत नाही, ओतत आहे. पानावरही तो फिका थरच हवा, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढाच.

भुकटीबद्दल एक इशारा, आणि हा कृपा करून लक्षात ठेवा. धुरळणीच्या भुकटीत मूळ औषध थोडंच असतं, साधारण शंभरात एक ते दहा भाग. बाकी शंखजिरं किंवा बारीक चिकणमाती. वेष्टनावर अशा भुकटीला ‘डीपी’, म्हणजे डस्टेबल पावडर, म्हटलेलं असतं. दुकानात तिच्याच शेजारी ‘डब्ल्यूपी’, म्हणजे वेटेबल पावडर, नावाची भुकटी दिसेल. ती पाण्यात कालवून फवारायची असते आणि तिच्यात औषध शंभरात पन्नास, पंच्याहत्तर भागही असू शकतं. दिसायला दोन्ही सारख्याच. डब्ल्यूपी कोरडी यंत्रात भरली तर झाड जळेल, आणि आपल्या फुफ्फुसात जे जाईल ते कितीतरी पट तीव्र असेल. यंत्र कितीही चांगलं असो, ही चूक ते दुरुस्त करू शकत नाही.

धुरळणी वारा पडलेला असताना करावी. पहाटे पानांवर हलकं दव असतं, भुकटी त्याला धरून राहते. मात्र डायटोमेशियस माती (सूक्ष्म शैवालांच्या जुन्या कवचांची बारीक भुकटी) वापरत असाल तर पानं कोरडी हवीत, कारण ती किड्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण खरवडून त्याला सुकवून मारते, आणि ओली झाली की तिचा तो गुण जातो. गंधकाची भुकटी 32 अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या दिवशी नको, पानं करपतात. शिवाय गंधक पेट घेतं, तेव्हा जवळपास विस्तव, विडी, काहीही नसावं.

आणि मधमाश्या. फवाऱ्याचा थेंब वाळून जातो, पण भुकटीचे कण मधमाशीच्या केसाळ अंगाला परागासारखे चिकटतात, ती ते पोळ्यात नेते आणि तिथली पिल्लंही मरतात. म्हणून उमललेल्या फुलांवर धुरळणी करूच नका. वेलभाज्यांच्या बाबतीत तर मी फुलं असेपर्यंत यंत्र खाली उतरवतच नाही, किडे हातानं वेचतो.

काम करताना नाकावर धुळीचा मास्क, डोळ्यांवर चष्मा, पूर्ण बाह्या, हातमोजे. वारा पाठीकडून येईल असं उभं राहा आणि मागे मागे सरकत या, म्हणजे आपल्याच ढगात आपण शिरत नाही. झालं की उरलेली भुकटी मूळ पुड्यात परत भरा. रात्रभर टाकीत राहिली तर ती दमट होऊन गोळे धरते आणि नळीचं तोंड बुजतं. टाकी कोरड्या ब्रशनं झटका. धुतलीच, तर सगळे भाग सुटे करून दोन दिवस उन्हात वाळवा आणि मगच पुन्हा जोडा.